वानर आणि माकड

नारळाच्या वाडीत वा आंब्याच्या बागेत सकाळी नासधूस दिसली, की 'माकडे येऊन गेली' असे आपण सहज म्हणतो. परंतु रायगडच्या किनारपट्टीवर व मागील डोंगरांत या एका नावाखाली दोन निराळे प्राणी वावरतात : तांबूस तोंडाचे माकड व काळ्या तोंडाचा वानर. मुरूडजवळच्या फणसाडच्या रानात वानर आढळतो. माथेरानला तर दोघेही दृष्टीस पडतात.

दोघांचे कूळ एकच. माकडाचा रंग उदी असून डोक्यावरील केस मध्यापासून चहूकडे पसरल्यामुळे त्याने टोपी घातल्याचा भास होतो. ही जात दक्षिण भारताच्या द्वीपकल्पाबाहेर रानात कोठेही सापडत नाही. वानर अंगाने करडा व सडपातळ. हातपाय काळे, शेपूट धडाहून लांब.

तथापि खरा भेद आहे तो तोंडात व पोटात. माकडाच्या गालांत पिशव्या असतात. फळे, दाणे, किडे, जे हाती लागेल ते त्यांत घाईने कोंबून ते सुरक्षित जागी पळते व मग सावकाश खाते. वानरास अशा पिशव्या नाहीत. त्याच्या जठरास कप्पे असून त्यांतील सूक्ष्म जंतू, गाईच्या पोटातल्याप्रमाणे, पाला आंबवून पचवितात. म्हणून पाने, कळ्या, कच्ची फळे व बिया हे त्याचे मुख्य अन्न होय.

आता देवळापाशी किंवा घाटातील वळणावर आपण दोघांपुढेही पाव, बिस्किटे, केळी टाकतो. माकड ते आवडीने खाते. पण त्यामुळेच धीट होऊन पुढे घरात शिरते, आणि मग आपणच त्यास चोर म्हणतो. वानराच्या पोटात गोड व पिठूळ पदार्थ एकदम आंबून आम्लता वाढते व पचन बिघडते.

बागायतदाराचे नुकसान खरे आहे. ते हसण्यावारी नेऊ नये. मात्र हे दोघेही दिवसा हिंडणारे आहेत. तेव्हा राखण दिवसाची हवी. रात्रीत झालेल्या नासधुशीसाठी रानडुक्कर, उदमांजर किंवा वटवाघूळ यांचा माग काढावा. आणि वाटेत भेटणाऱ्याचे तोंड तांबडे असो की काळे, खाऊ देण्यापूर्वी आपला हात आवरावा. त्यात त्यांचे हित आहे, आणि आपल्या बागांचेही.