अर्धं वचन

आईचं बायबल आणि तिच्या मधुमेहाच्या गोळ्या एकाच टेबलावर असायच्या. काही वर्षांपूर्वी एकदा लक्षात आलं, गोळ्यांची पाकिटं तशीच पडून आहेत. विचारलं तर शांतपणे म्हणाली, "प्रार्थना झालीय. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास."

बाहेरगावच्या एका प्रचारकाने सभेत तसं सांगितलं होतं. आधार याकोबाच्या पत्राचा : मंडळीच्या वडिलांनी तेल लावून प्रार्थना करावी, विश्वासाच्या प्रार्थनेने दुखणाईत बरा होईल. वचन खरंच तसं आहे. म्हणून तर मला उत्तर सुचेना. धडधडीत खोटं आईनेच उडवून लावलं असतं. 'नरो वा कुंजरो वा' ऐकून द्रोणाचार्यांसारख्यांनी शस्त्र ठेवलं, तिथे आमची आई ती काय! मत्तयाच्या शुभवर्तमानात तर सैतानही येशूला मोह घालतो तो शास्त्रवचन सांगूनच.

मी चिडून म्हणालो, "प्रार्थना राहू दे, आधी गोळी घे." आई आणखीच हट्टाला पेटली.

शेवटी आमच्या वृद्ध पाळकांना बोलावलं. त्यांनी वाद घातला नाही. तिचंच बायबल तिच्या हाती देऊन तीन जागा वाचायला लावल्या. पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. आजारी त्रफिमाला मिलेतात मागे ठेवतो. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवूनही तो काटा राहतोच. "बाई, पौलाचा विश्वास कमी पडला का हो?" त्यांनी विचारलं.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि प्रार्थना राहू दे म्हणणारे तुम्ही! तुमचंही अर्धंच." मी खाली मान घातली.

पारखून घेणं म्हणजे अश्रद्धा नव्हे. बिरुयातल्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची वाखाणणीच आहे. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण चर्चची प्रत्येक शिकवण डोळे मिटून पत्करली नाही. पुढे हिब्रू-ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केलं.

त्या रात्री आईने हात जोडले, प्रार्थना केली आणि डोळे उघडून म्हणाली, "पाणी दे रे, गोळी घ्यायचीय."