हे पुस्तक करायचं का?

आमची प्रकाशनसंस्था छोटी. नारायण पेठेत दोन खोल्या, माणसं पाच. मालक हिशेब बघतात, वेळ पडली तर गठ्ठेही बांधतात. आलेल्या बाडांतून कुठलं पुस्तक करायचं, हे बघणं माझ्याकडे. मोठ्या इंग्रजी संस्थांत या कामाला स्वतंत्र संपादक असतो. इथे मी निवडतेही, लेखकाशी वादही घालते आणि जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत अप्पा बळवंत चौकात आमची पुस्तकं मागच्या फळीवर गेली की विक्रेत्याशीही बोलते.

मी "करू या" म्हटलं की मालक एकच प्रश्न विचारतात, "किती फॉर्म?"

प्रश्न रुक्ष वाटेल, पण सगळं तिथेच ठरतं. एक फॉर्म सोळा पानांचा. 13 फॉर्मचं, म्हणजे 208 पानांचं पुस्तक धरा. 500 प्रतींना कागद, छपाई, बांधणी मिळून आम्हाला साधारण 40 हजार लागतात. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे आणखी 20 हजार. किंमत 300 रुपये ठेवली, तर विक्रेता-वितरकाचं 40 टक्के कमिशन आणि लेखकाचं 10 टक्के मानधन वजा जाता प्रतीमागे 150 रुपये हातात. म्हणजे 400 प्रती खपल्या की खर्च निघाला. लेखकाच्या भेटप्रती, परीक्षणाच्या प्रती आणि 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती धरून चाळीसेक जातात. उरलेल्या साठ प्रती म्हणजे आमची कमाई, 9 हजार रुपये. तीही दोन वर्षांनी, आणि पैसे वेळेवर आले तर. जागेचं भाडं आणि आमचे पगार यात धरलेलेच नाहीत. पुस्तक तगतं ते दुसऱ्या आवृत्तीवर. पहिली आवृत्ती 1100 प्रतींची काढण्याचा रिवाज होता, तो आता इतिहासजमा झालाय.

'श्यामची आई' इतके प्रकाशक का काढतात, याचं उत्तरही याच हिशेबात आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यामुळे 2011 पासून ते पुस्तक कुणालाही छापता येतं. लेखक मिळवायला नको, मानधन नको, गिऱ्हाईक तयार. छापणाऱ्याला मी नावं ठेवत नाही, पण त्यात निवड अशी काही नसते.

आपणहून येणाऱ्या बाडांत कवितासंग्रह सर्वांत जास्त. त्याखालोखाल युरोपच्या सहलींची वर्णनं आणि निवृत्तांची आत्मचरित्रं. प्राध्यापक मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "आयएसबीएन मिळेल ना?" पुस्तकामुळे बढतीचे गुण मिळतात, म्हणून ही निकड. हा क्रमांक दिल्लीहून फुकट मिळतो आणि तो पुस्तकाची ओळख पटवण्यापुरता असतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. हे सांगितलं की निम्मे लोक नाराज होतात. काहीजण खर्च द्यायला तयार असतात. आम्ही घेत नाही, आणि त्यात साधूपणा काही नाही. पैसे घेतले की "मधली पन्नास पानं काढा" असं लेखकाला कुठल्या तोंडानं सांगणार?

खरं पुस्तक बहुतेक वेळा मागून आणावं लागतं. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका आत्मचरित्र घेऊन आले होते. हातानं लिहिलेली दोनशे पानं. कुळाचा वृत्तान्त, शाळा, लग्न, मुलांच्या नोकऱ्या, अष्टविनायक यात्रा. मधेच दीड पान वर्कशॉपचं. नुसती चासी कशी यायची, तिच्यावर सांगाडा कसा उभा राहायचा, पत्र्यावर हातोडीचा हलका ठोका मारून रिव्हेट नीट बसलाय की नाही ते आवाजावरून कसं कळायचं, तयार गाडी पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करून कुठल्या खिडकीतून गळते ते कसं बघायचे. मी त्या दीड पानाला खूण केली आणि म्हटलं, "काका, मला हेच हवंय. दीडशे पानं."

ते म्हणाले, "त्यात काय लिहायचं मॅडम? ते तर कामच होतं."

पुढे काही महिने ते शनिवारी यायचे. मी विचारायची, फोनवर ध्वनिमुद्रण व्हायचं, घरी सून टाइप करायची. त्यांची वाक्यं मी फार सारखी केली नाहीत. कुळाचा वृत्तान्त गेला, यात्रा गेली, लग्नाचं मात्र एक पान राहिलं, कारण वऱ्हाड एसटीनंच गेलं होतं. या पुस्तकाच्या प्रती दुकानांपेक्षा डेपोंत जास्त गेल्या.

ही रीत मी काही शोधलेली नाही. 'ग्रंथाली'नं 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आणि 1980 साली लक्ष्मण मानेंचं 'उपरा' काढलं. ती आल्यावर कुणाचं आयुष्य पुस्तकात यावं याची मराठीतली मोजपट्टीच बदलली. कादंबऱ्यांबद्दल मी तितक्या खात्रीनं बोलणार नाही. पण स्वतःच्या हातचं काम सांगणाऱ्या माणसांची पुस्तकं मराठीत अजून फार थोडी आहेत. परिचारिका, विहिरी खणणारे, कोर्टातले बेलीफ, द्राक्षांची छाटणी करणारे मजूर यांना लिहा म्हणून सांगायला कुणी जातच नाही. छोट्या प्रकाशकानं तिथं जावं. मोठ्या नावांच्या लेखकांमागे धावून त्याला परवडणारही नाही.

नकार कळवणं हे या कामातलं सगळ्यात नकोसं. 'साभार परत'चा छापील कागद आम्ही बंद केला. चार ओळी लिहिते, त्यात एक तरी ओळ बाडातल्या एखाद्या ठरावीक पानाबद्दल असते, म्हणजे वाचलंय हे कळतं. तरी फोन येतातच.

तुम्ही बाड पाठवणार असाल तर एवढं करा. आधी सगळं पाठवू नका. कुठलीही तीन प्रकरणं आणि पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारं एक पान पुरे. मजकूर युनिकोडमध्ये असू द्या, जुन्या फॉन्टमधली फाइल आमच्याकडे उघडली की नुसती चिन्हं दिसतात. हातानं लिहिलेलं चालेल, पण कागदाच्या एकाच बाजूला लिहा, पानांना क्रमांक द्या आणि झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. थोरामोठ्यांचे अभिप्राय जोडू नका, मी ते शेवटीसुद्धा वाचत नाही. आणि पहिल्याच पानावर फोन नंबर लिहा. नाव-पत्ता नसलेलं एक चांगलं बाड आमच्या कपाटात आजही पडून आहे.