व्यायाम : एकट्याने की समूहाने?

मार्च २०२० मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या तयारीसाठी भारताचे पुरुष व महिला हॉकी संघ बंगळुरू येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात एकत्र आले होते. टाळेबंदी लागू झाली आणि खेळाडू तेथेच अडकले. मैदानावरील सराव थांबला. एरवी एकत्र धावणाऱ्यांना आपापल्या खोलीत व्यायाम करावा लागला. या काळात महिला संघाने १८ दिवसांचे तंदुरुस्तीचे आव्हान समाजमाध्यमांवर मांडून गरजू कुटुंबांसाठी २० लाख रुपयांहून अधिक निधी उभारला. व्यायाम एकट्याने होत होता, परंतु त्यामागील प्रेरणा सामूहिकच राहिली. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये पुरुष संघाने ४१ वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळवले, तर महिला संघ चौथा आला. या यशाची कारणे अनेक आहेत. तथापि, एकट्याची शिस्त आणि समूहाचे बळ या दोन्ही बाबी परस्परपूरक आहेत, हे या अनुभवातून दिसून येते.

समूहाच्या प्रभावाचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेतील नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये सायकलपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्याने धावण्यापेक्षा इतरांसमवेत त्यांचा वेग अधिक असल्याचे आढळले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील नौकानयनपटूंवरील २००९ च्या एका छोट्या प्रयोगात, तेवढेच श्रम एकत्रितपणे केल्यानंतर वेदना सहन करण्याची क्षमता अधिक वाढल्याचे दिसले. शिवाय, सोबती वाट पाहत असल्यास व्यायामात खंड पडण्याची शक्यता कमी होते.

मात्र समूहाला मर्यादाही आहेत. इतरांशी बरोबरी करण्याच्या भरात नवशिका किंवा हृदयरुग्ण स्वतःच्या क्षमतेबाहेर श्रम करू शकतो. एकट्याने व्यायाम करणारा आपली गती, वेळ व विश्रांती स्वतः ठरवतो. त्यास शुल्क लागत नाही, की कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. पाळीत काम करणारे कामगार आणि घरची जबाबदारी सांभाळणाऱ्या स्त्रिया यांना हाच मार्ग अनेकदा सोयीचा ठरतो.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील सुमारे निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल अपुरी होती. हृदयविकार व मधुमेहाचा धोका त्यामुळे वाढतो. प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत, अशी संघटनेची शिफारस आहे.

आठवड्यातील काही दिवस एकट्याने चालणे किंवा सूर्यनमस्कार आणि एक-दोन दिवस सोबत्यांसह सराव, असा मेळ बहुतेकांना साधता येईल. बंगळुरूच्या लालबागेत व कब्बन उद्यानात सकाळी एकटे फिरणारे आणि गटाने व्यायाम करणारे, दोघेही दिसतात. अशी मोकळी, सुरक्षित जागा प्रत्येक गावात व शहरात उपलब्ध झाली, तरच ही निवड खऱ्या अर्थाने सर्वांची होईल.