हार्वर्डच्या चार फेऱ्या आणि सेवाग्रामचा मुक्काम

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रम पाहावयास येणाऱ्या मंडळींपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते की, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाची वाट चार वेळा तुडवणारे पाली भाषेचे अध्यापक धर्मानंद कोसंबी यांनी जून १९४७ मध्ये येथेच, उपोषण करून, देह ठेवला. बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची, अमेरिकी अभ्यासक वॉरन यांच्या निधनाने अपुरी राहिलेली, चिकित्सक आवृत्ती सिद्धीस नेण्यासाठी ते १९१० साली प्रथम हार्वर्डला गेले. परंतु तेथील प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसल्यामुळे १९१२ मध्ये परतले, आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवून १९१८ साली, कन्या माणिक व चिरंजीव दामोदर (हेच पुढे विख्यात गणिती व इतिहासकार झाले) यांस समवेत घेऊन पुनश्च रवाना झाले. विमानाला चार घटका उशीर होताच तक्रारअर्ज खरडणाऱ्या आपणां आधुनिकांनी ध्यानी घ्यावे, की तो प्रवास आगबोटीचा, आठवडेच्या आठवडे चालणारा होता. १९२६ आणि १९३१ सालच्या फेऱ्यांनंतर काम एकदाचे तडीस गेले. तरी छापील ग्रंथ हार्वर्डच्या प्राच्य ग्रंथमालेत निघाला तो १९५० साली, संपादक निवर्तल्यावर तीन वर्षांनी. पहिल्या फेरीची हकीकत त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मकथनात आहे. जिज्ञासूंनी ती अवश्य वाचावी.