बातमी बदलापूरला, कॉलेज चर्चगेटला

बदलापूर स्थानकात 20 ऑगस्ट 2024 रोजी लोक रुळांवर उतरले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल अडून राहिल्या. दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवून घ्यायला झालेला उशीर हे त्या संतापाचे मोठे कारण होते. मुंबईहून वाहिन्यांच्या गाड्या आल्या, देशभर बातमी गेली, 22 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याआधी मात्र हे प्रकरण लावून धरले होते ते स्थानिक बातमीदारांनी, कारण ते याच गावात राहत होते आणि माणसे त्यांना ओळखत होती. अशा वेळी बातमीदाराला काय काय यावे लागते, ते पाहा. पोक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पीडित बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्रच नव्हे, तर ज्यातून ओळख पटेल असे कुटुंब, शाळा, वस्ती यांचे तपशीलही छापता येत नाहीत. त्या दिवसांत मोबाइलवर फिरलेला मजकूर आठवला, की हे कलम किती जणांना ठाऊक होते असा प्रश्न पडतो. गर्दीत उभे राहून ते कलम आठवणे, कानावर आलेली गोष्ट आणि गुन्ह्याच्या नोंदीतला मजकूर वेगळा ठेवणे, आणि अंधार पडायच्या आत तीनशे शब्द सरळ मराठीत लिहून देणे, हे सगळे पत्रकारितेच्या शिक्षणाचे खरे पाठ आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलामुलींनी पदवीसाठी कॉलेज निवडताना पहिली कसोटी हीच लावावी: इथे बातमी लिहून घेतात का, आणि लिहिलेली तपासून परत देतात का?

बारावीचा निकाल लागल्यावर घराघरांत चालणारी चर्चा वेगळी असते. कॉलेजचे नाव, कटऑफ, नॅकची श्रेणी आणि स्टुडिओ एवढ्यावर निर्णय होतो. यातली नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते. प्रवेशद्वारावरच्या फलकावर 'ए' झळकत असला, तरी पत्रकारिता ज्यात शिकवली जाते त्या मास मीडिया अभ्यासक्रमाच्या वर्गात कोण शिकवते हे त्यावरून कळत नाही. हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीवर चालणारा असतो, आणि शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावर येतात. आजही बातमीदारी करणारा माणूस आठवड्यातून दोन तास वर्गावर आला तर ते वरदानच. पण दर सत्राला माणसे बदलत गेली, तर मुलाचे लिखाण सुधारते आहे की बिघडते आहे हे पाहायला कोणीच उरत नाही. स्टुडिओबद्दल एवढेच, की कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

मुंबई विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम पूर्वी बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणून ओळखला जाई. 2019-20 पासून तो बीएएमएमसी झाला. त्यात एक मेख अशी, की पहिली दोन वर्षे सगळ्यांची सारखी आणि तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतले एक निवडायचे, अशी मूळ रचना. मुलांचा ओढा जाहिरातीकडे असला, की पत्रकारितेचा वर्ग भरत नाही आणि न भरलेला वर्ग चालवणे संस्थेला परवडत नाही. म्हणजे बातमीदार व्हायला आलेली मुलगी तिसऱ्या वर्षी साबणाच्या जाहिरातीचे आराखडे करत बसते. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण आले, मुख्य आणि गौण विषयांची मांडणी बदलली, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले. कल्याणच्या बिर्ला कॉलेजसारख्या स्वायत्त संस्था तर आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात. तरी विचारायचा प्रश्न तोच राहतो: मागच्या वर्षी पत्रकारितेचा वर्ग प्रत्यक्ष भरला होता का, आणि त्यात किती मुले होती?

चर्चगेटला किंवा दादरला जाण्याचा मोह समजण्यासारखा आहे. गंमत अशी, की उल्हासनगरचे सीएचएम कॉलेज आणि चर्चगेटचे के. सी. कॉलेज ही दोन्ही हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्डाची, म्हणजे फाळणीनंतर इकडे आलेल्या सिंधी शिक्षणपरंपरेची. तरी पालकांच्या लेखी एक 'मुंबईचे' आणि एक 'आपल्याकडचे'. आता अंतराचा हिशोब करू. बदलापूर ते सीएसएमटी सुमारे 68 किलोमीटर. गाडीचा दीड तास, रिक्षा, जिना, गाडी बदलणे आणि गर्दीमुळे सोडून दिलेली एखादी लोकल धरली, तर जाऊन-येऊन चार तास. आठवड्याचे वीस. मुंब्र्याजवळ 9 जून 2025 रोजी खच्चून भरलेल्या लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले, ती हीच मध्य रेल्वे. ते वीस तास बातमीदारी शिकणाऱ्याकडून कशातून वजा होतात? वाचनातून, आणि त्याहून जास्त गावात फिरण्यातून. संध्याकाळी सातला दमून घरी पोचणारा मुलगा नगरपालिकेची सभा कधी पाहणार?

आणि उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरचा हा पट्टा म्हणजे काही साधी शाळा नव्हे. उल्हासनगर हे मुळात लष्करी छावणीचे ठिकाण. निर्वासितांच्या या वसाहतीची कोनशिला 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी बसवली. पाच कॅम्पांच्या या शहरातल्या 855 अनधिकृत इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि पुढे बांधकामे नियमित करायला राज्याला 2006 मध्ये खास कायदा करावा लागला. एका शहरापुरता कायदा! तो का झाला, त्यानंतर किती घरे खरोखर नियमित झाली, यावर अख्खे वर्ष काम करता येईल. वालधुनी नदी घ्या. ती अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणकडे जाते. वाटेत औद्योगिक वसाहतीचे आणि जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांचे पाणी तिच्यात आले. दगडी कोरीवकाम आणि निळे पाणी काही किलोमीटरच्या आत. इतिहास, उद्योग, मजूर, प्रदूषण मंडळ, न्यायालय असे सगळे 'बीट' एका नदीकाठी बसतात. बदलापूरने 26 जुलै 2005 चा पूर पाहिला आणि 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका झालेलीही पाहिली. पूररेषा कुठे आखली आहे आणि इमारती कुठे उभ्या राहिल्या, हे कागदावर शोधायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. शिवाय उल्हासनगरला महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरला नगरपरिषदा. म्हणजे हाकेच्या अंतरावर दोन वेगळे कायदे चालताना दिसतात. जवळच्या कॉलेजने या गोष्टींकडे मुलांना पाठवले, तर दूरच्या नावाजलेल्या कॉलेजला त्याची बरोबरी करणे अवघड जाईल. न पाठवले, तर ते जवळ असून उपयोग नाही. मग कल्याण, ठाणे किंवा दादर गाठलेले बरे, हेही स्पष्ट म्हणायला हवे.

यावर पहिला आक्षेप ओळखींचा. वृत्तपत्रांची आणि वाहिन्यांची कार्यालये मुंबईत, इंटर्नशिप मुंबईत, नोकऱ्या मुंबईत. खरे आहे, आणि म्हणूनच सुट्टीतले दोन महिने मुंबईला द्यावेत. पण संपादकाच्या टेबलावर ओळखीपेक्षा लवकर वाचली जाते ती छापून आलेली बातमी. वालधुनीवर तीन नीट बातम्या असलेली मुलगी आणि नामांकित कॉलेजचे ओळखपत्र असलेला मुलगा यांत मला तरी पहिलीचे पारडे जड वाटते. मोठ्या संस्थेची हौस पदवीनंतर भागवता येते: कलिनाला विद्यापीठाचा विभाग आहे, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे, अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आहे.

दुसरा आक्षेप अधिक मुळाशी जातो. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. पत्रकाराला कायद्याने पदवीच लागत नाही, आणि प्रेस कौन्सिलही परवाने देत नाही. 6 जानेवारी 1832 रोजी 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पत्रकारिता कुठे शिकले होते? त्यापेक्षा अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र घेऊन बीए करावे आणि मग वर्षभराची पत्रकारितेची पदविका, हा मार्ग काय वाईट? अजिबात वाईट नाही. ज्या मुलाला एखाद्या विषयाची ओढ आहे, त्याने तोच धरावा. बाळशास्त्रींकडे गणितापासून इतिहासापर्यंतचे ज्ञान होते. ते नसेल तर तीन वर्षे नुसता 'मीडिया' शिकून हाती तंत्र उरते. मात्र या मार्गाने जाणाऱ्यालाही लिखाण तपासणारा कोणीतरी लागतोच, त्यामुळे कसोटी बदलत नाही.

पैशांचा मुद्दा टाळण्यात अर्थ नाही. तालुक्याच्या गावी बातमीदारी करून सुरुवातीला फारसे मिळत नाही; अनेकांना बातमीमागे मानधन मिळते, आणि जाहिरात आणून देण्याची अपेक्षा वर असते. हे प्रवेशापूर्वीच सांगणारे कॉलेज प्रामाणिक समजावे. 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा फलक दिसला, तर त्यातले किती जण बातमी लिहितात आणि किती जण समाजमाध्यमांची खाती सांभाळतात, हे विचारावे. भाषेचेही तसेच. अनेक ठिकाणी वर्ग इंग्रजीत चालतात. काही कॉलेजांनी मराठी माध्यमही सुरू केले. या पट्ट्यात काम करायचे, तर मराठी छापण्याजोगी हवी, हिंदी बोलण्याजोगी हवी, कॅम्पातल्या दुकानदाराचे सिंधीमिश्रित बोलणे कळायला हवे आणि न्यायालयाचा निकाल इंग्रजीत वाचता यायला हवा. वर्गाची भाषा कोणतीही असो, मराठीत लिहिलेला मजकूर तपासण्याइतकी चांगली मराठी तिथे कोणाला येते का, हे पाहावे.

हे सगळे कळायला माहितीपुस्तिका उपयोगाची नाही. संलग्नता विद्यापीठाच्या यादीत तपासून घ्यावी आणि वर्ग सुरू असतील अशा दिवशी कॉलेजात जावे. मुलांच्या प्रायोगिक अंकाच्या मागच्या दोन-तीन प्रती मागाव्यात, आणि त्यातल्या किती बातम्या शहराच्या नावाने सुरू होतात, किती लेख इंटरनेटवरून उचललेले वाटतात, ते मोजावे. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला त्याची तपासलेली वही दाखवायला सांगावे. तिच्यात लाल शाई कुठे आहे, आणि लाल शाईखालचे वाक्य त्याने पुन्हा लिहिले आहे का, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात. विद्यार्थ्याने हे स्वतः जाऊन विचारावे. पालक तोवर कॅन्टीनमध्ये थांबले तरी चालेल.