तीन महिन्यांची साखर आणि बोटावरचा थेंब

मंडळी, साखर तपासायची म्हटलं की हल्ली सगळे आधी तीन महिन्यांचा रिपोर्ट पुढे करतात, म्हणजे एचबीएवनसी. चाचणी चांगलीच आहे. पण चोपडा तालुक्यात तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, असं आम्ही म्हणतो. का, ते बघू.

रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं, त्याला साखर चिकटते. पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तात साखर जितकी जास्त, तितकी ती जास्त चिकटणार. म्हणून एकाच रिपोर्टात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ टक्के म्हणजे १८३.

हा हिशोब पेशी पुरते दिवस जगली तरच जुळतो. सातपुड्याच्या पायथ्याला, वैजापूरच्या बाजूला, पावरा, भिल्ल अशा आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १०-२० दिवसांतच फुटते. साखर चिकटायला तिला वेळच मिळत नाही. रिपोर्ट साडेपाच येतो, घरचे खूश होतात, आणि जेवणानंतरची खरी साखर अडीचशे असू शकते! डोळे, किडनी, पायांच्या नसा आतून खराब होत राहतात आणि कागद म्हणतो सगळं ठीक. नुसत्या वाहकात फरक लहान असतो, तरी लॅबमध्ये सांगून ठेवावं. घरात कुणाला सिकलसेल असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी आधी करून घ्या.

उलटा प्रकारही आहे. लोह कमी पडून रक्त कमी झालं असेल, आणि आपल्या बायाबापड्यांत हे घरोघरी दिसतं, तर आकडा खऱ्यापेक्षा वर जातो. मग गोळी उगाच वाढते आणि साखर एकदम खाली येते. नुकतंच रक्त भरलं असेल तरीही हा रिपोर्ट धरू नये.

मग करायचं काय? बोट टोचायचं. ग्लुकोमीटर पेशीचं वय विचारत नाही, त्या क्षणाची साखर सांगतो. रक्त फारच कमी असेल तर मात्र तोही थोडं जास्त दाखवतो, तेव्हा शिरेतलं रक्त लॅबला द्यावं.

बोट टोचायच्या आधी हात साबणानं धुऊन कोरडे करा. केळीच्या भागात राहणाऱ्यांनी तर नक्कीच. नुकतंच केळं सोललेल्या बोटाला गोडवा राहतो आणि साखर भलतीच वाढलेली दिसते. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. कडेला कमी दुखतं. बोट फार पिळू नका. स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा. बहुतेक स्ट्रिपांना ३० अंशांपुढची उष्णता चालत नाही, आणि आपला मे महिना तर ४४ वर जातो. पत्र्याच्या घरात डबी खिडकीत ठेवू नका, गाडीच्या डिक्कीत तर नकोच.

रोज सकाळी उपाशीपोटी एकच तपासणी करून भागत नाही. एक दिवस जेवणाआधी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी, अशी जोडी घ्या. वरण-बट्टी खाल्ली त्या दिवशी एक, भाकरी-भाजीच्या दिवशी एक. कुठलं जेवण किती साखर चढवतं ते तुमचं तुम्हालाच कळेल. बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे चालतं. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात. १४० आणि १५० मध्ये मात्र फरक शोधू नका, यंत्रात तेवढं मागेपुढे होतंच.

घाम, थरथर, डोकं गरगरणं सुरू झालं तर आधी तपासा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

दंडावर लावायचे सेन्सरही आता मिळतात, साधारण दोन आठवडे चालतात. तेही तांबड्या पेशींवर अवलंबून नसतात, म्हणून सिकलसेलवाल्यांना उपयोगी. पण खर्च सगळ्यांना झेपत नाही. नाही झेपला तर वहीत आकडा, वेळ आणि काय खाल्लं ते लिहा. डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टाबरोबर ती वहीही न्या. दोन्ही जुळत नसतील तर स्पष्ट विचारा: साहेब, वहीत दोनशे आणि रिपोर्टात सहा, हे कसं?