काचबिंदू : दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

संगमनेरच्या वस्त्यांत विडी वळणाऱ्या आपल्या आयाबहिणी दिवसभर मांडीवरच्या सुपात नजर लावून बसतात. पान कापता येते, दोरा गुंडाळता येतो, म्हणजे डोळे चांगले, असा आपला समज. काचबिंदू याच समजाच्या आड वाढतो.

डोळ्यात एक पाणी सतत तयार होते व वाहून जाते. त्याचा निचरा अडला की आतला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस सुकू लागते. आधी बाजूचे दिसणे जाते, समोरचे बहुधा शेवटपर्यंत टिकते. म्हणून विडी वळता येते, पण बाजूने आलेली सायकल दिसत नाही.

मोतीबिंदू वेगळा. त्यात भिंग गढूळ होते व शस्त्रक्रियेने नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते. म्हणून "पिकू द्या, मग बघू" हे येथे चालत नाही.

आता नेहमीच्या शंका पाहू.

चष्म्याचा नंबर काढला की पुरे का? नाही. डोळ्याचा दाब मोजून घ्यावा. तो साधारण १० ते २१ असतो. दाब ठीक असूनही काहींना काचबिंदू होतो, म्हणून नसही तपासून घ्यावी.

थेंब किती दिवस घालायचे? बहुधा जन्मभर. बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही थेंबांनी दमा वाढतो.

डोळा लाल झाला तर मेडिकलमधून थेंब आणावेत का? नकोत. काहींत स्टेरॉइड असते, ते बरेच दिवस घातल्यास दाब वाढू शकतो.

घरात एकाला असेल तर? भावंडांनी व मुलांनी तपासणी करावीच.

डोळा एकाएकी ठणकू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा लोणीच्या प्रवरा रुग्णालयात चौकशी करावी.

विनयपिटकाच्या महावग्गात नेत्ररोगी भिक्खूला भगवान बुद्धांनी अंजनाची अनुमती दिल्याचे सांगितले आहे. आजाराला उपचार हवा, अंगारा नको, हीच आपली वाट. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने डोळे तपासून घ्यावेत, आणि आपण आपल्या आईला बरोबर घेऊन जावे. ती स्वतःहून जाणार नाही.